पछाडलेलं म्हणतात त्या जुन्या झाडाबद्दल: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"त्या पिंपळाखालून रात्री जाऊ नको", "त्या चिंचेनं पोराला धरलं" ही वाक्यं महाल-इतवारीच्या बोळांत ऐकू येतात, तशीच उमरेड रोडच्या नव्या लेआउटमध्येही. झाडाला शाप नसतो, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण झाडाखालून येऊन आजारी पडलेला माणूस खरोखर आजारी असतो आणि तुटलेली फांदी खरोखर डोक्यात पडते. म्हणून भुतांपेक्षा कारणांना इथे जास्त जागा दिली आहे.

कोणत्या झाडावर कोण राहतं असं मानतात?

पिंपळावर मुंजा. मुंज झाली, पण लग्नाआधीच वारला अशा मुलाचं हे भूत. तो सहसा मारत नाही, वाट अडवतो, खडे मारतो, हाक मारतो. त्याच पिंपळावर किंवा वडावर ब्रह्मसमंध, म्हणजे वासना अडकून राहिलेला विद्वान ब्राह्मण. चिंचेवर हडळ किंवा जखीण. बाळंतपणात गेलेल्या बाईची ही कथा जवळपास प्रत्येक गावात आहे, आणि बाळंतपणात बायका किती मरत होत्या याची ती खूण आहे.

बेहड्याची गोष्ट मात्र महाभारतातली. नलोपाख्यानात नळाच्या अंगातून निघालेला कली बेहड्यात शिरतो आणि तेव्हापासून ते झाड अशुभ ठरतं. पेंच-रामटेकच्या बाजूला डोंगरउतारावर दिसणारं पांढऱ्या सालीचं कुलू हे झाडही याच यादीत बसतं. उन्हाळ्यात पानं गळाली की चांदण्यात त्याचं खोड आणि फांद्या पांढऱ्या चमकतात, म्हणून त्याला भुत्या असंही नाव आहे. त्याचा डिंक औषधात आणि खाण्याच्या पदार्थांत वापरतात.

एकच पिंपळ देवाचाही आणि भुताचाही, हे कसं?

कारण झाड तेच असतं, त्याच्याभोवतीची आठवण बदलते. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष पिंपळच आहे. श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांपासून तो वाढवला, आणि त्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणल्या होत्या. लाखो माणसं त्याच्यापुढे नतमस्तक होतात. चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळावर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. फाशीचं झाड म्हणून त्याला टाळावं असं कुणाला वाटत नाही, लोक तिथे आदरांजली वाहायला जातात. ज्या मृत्यूचा अर्थ समाजाला लागला त्याचं स्मारक होतं, आणि ज्याच्याबद्दल कुणी बोललंच नाही त्याचं भूत होतं, असं आमचं मत आहे.

वारा नसताना झाड सळसळतं आणि मध्येच बाईसारखी किंकाळी येते. काय असतं ते?

पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो. आपल्या अंगाला जाणवणार नाही एवढ्या झुळकीनेही पान हलतं आणि शेजारच्या पानावर आपटतं. हजारो पानं एकदम हलली की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

किंकाळी बहुतेक वेळा गव्हाणी घुबडाची. जुन्या झाडाच्या ढोलीत ते राहतं. पोट पांढरं असल्याने खालून उजेड पडला की पांढरी आकृती तरंगत गेल्याचा भास होतो. त्याची पिल्लं ढोलीतून घोरल्यासारखा फिसफिस आवाज काढतात, तोही "झाड श्वास घेतं" म्हणून सांगितला जातो. वटवाघळांची भांडणं आणि अर्धवट खाल्लेल्या फळांचे तुकडे खाली पडणं म्हणजेच मुंजाचे "खडे". खात्री करायची असेल तर सकाळी झाडाखाली बघा. राखाडी केसांच्या आणि उंदरांच्या हाडांच्या गोळ्या दिसल्या तर घुबड, चघळलेल्या फळांचा चोथा दिसला तर वटवाघूळ. दिवाळीच्या अमावास्येआधी जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, दिसल्यास वन विभागाला लगेच कळवा.

झाडातून रक्त किंवा दूध वाहतं, ते?

बिजा आणि पळस यांच्या सालीला जखम झाली की लालभडक डिंक येतो, वाळल्यावर तो काळपट होतो. कडुनिंबातून गोडसर पांढरा फेस येतो तो झाडाच्या आत जिवाणू वाढून रस आंबल्यामुळे आणि दाब वाढून बाहेर फेकला गेल्यामुळे. त्याला "प्रसाद" म्हणून पिणारे लोक असतात. तो पिऊ नका, त्यात माश्या आणि जंतू असतात.

रात्री झाडाखाली झोपलं की छातीवर कुणी बसतं. झाड रात्री विषारी वायू सोडतं म्हणून का?

नाही. झाडं रात्री श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण उघड्या हवेत तो इतका पातळ होतो की माणसाला काही होत नाही. "पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो" हेही खरं नाही. प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सुटायला उजेड लागतो, पिंपळालाही.

छातीवर बसल्याचा अनुभव म्हणजे झोपेतला लकवा. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. जाग आधी आली आणि स्नायू नंतर सुटले तर काही सेकंद ते एक-दोन मिनिटं हलता येत नाही आणि कुणीतरी जवळ आहे असं वाटतं. उताणं झोपणं, जागरण आणि आधीची भीती यांनी हे वाढतं. कुशीवर झोपा. बोटं किंवा जीभ हलवायचा प्रयत्न केला की लवकर सुटतं. मे महिन्यात उकाड्यामुळे बाहेर झोपणाऱ्यांनी झाडाखाली झोपूच नये, पण त्याचं कारण खालच्या उत्तरात आहे.

झाडाखालून आला आणि ताप भरला. "बाहेरचं लागलं" म्हणतात. काय करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथे उशीर केला तर माणूस जातो.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत झाडाखालच्या गवतात आणि झुडपांत बारीक माइट असतात. त्यांच्या अळ्या चावल्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपुरात आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती आणि त्यात मृत्यूही झाले. चावल्यावर साधारण दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. दहा दिवस मध्ये गेलेले असल्याने गवताची आठवण कुणाला राहत नाही, झाडाची मात्र राहते. काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनांखाली आणि गुडघ्यामागे नीट बघा. काळी, न दुखणारी, कडेने लालसर खपली दिसली तर ती डॉक्टरांना आधी दाखवा. खपली प्रत्येकाला येतेच असं नाही. वेळेत निदान झालं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने आजार बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी आणि मेंदूपर्यंत जातो. गवतातून आल्यावर कपडे बदला, साबणाने अंग घासून आंघोळ करा. झाडाखाली गवतावर बसू नका आणि तिथे कपडे वाळत घालू नका.

दुसरं कारण मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. चावल्याचं बहुतेकांना कळतही नाही, कारण वेदना आणि सूज जवळपास नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या खाली पडतात, जीभ जड होते, घोट गिळता येत नाही. नेमकी हीच लक्षणं "झपाटलं" म्हणून सांगितली जातात आणि माणसाला भगताकडे नेलं जातं. रात्री जमिनीवर झोपला होता आणि सकाळी पापण्या उचलत नाहीत एवढं दिसलं तरी तो सर्पदंश समजा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. त्याला चालवू नका, आडवा ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत न्या. साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबण्याआधी पोहोचणं एवढंच महत्त्वाचं. बाहेर झोपायचंच असेल तर खाट आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी वापरा.

झाडाची पूजा करताना मधमाश्या अंगावर आल्या. कोप आहे का?

उंच पिंपळ, वड आणि सावरीवर आग्या मोहोळ लागतं. खाली कापूर, धूप, ओला कचरा पेटवला की धूर वर जातो आणि माश्या उठतात. फटाक्यांनी आणि घारीने मोहोळाला धक्का दिला तरी तेच होतं. पूजेआधी मान वर करून बघा. काळपट, अर्धगोल, फांदीला लटकलेलं दिसलं तर तिथे काहीही पेटवू नका. माश्या उठल्या तर हात हलवत उभे राहू नका. तोंड कपड्याने झाका आणि सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत जा. पाण्यात उडी मारू नका, वर आलात की त्या पुन्हा चावतात. नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून लगेच काढा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, किंवा खूप दंश झाले तर दवाखाना.

उतारा ओलांडला, नंतर पायाला फोड आले. हे कसं?

उताऱ्यात भात, दही, अंडं, लिंबू, कोळसा, टाचण्या लावलेली काळी बाहुली, आणि बरेचदा बिबा असतो. बिब्याचा काळा रस कातडीला लागला की एक-दोन दिवसांत खाज, लाली आणि पाण्याचे फोड येतात. चप्पल न घालता पाय पडला, किंवा मुलाने हात लावला, की झालं. साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, खोबरेल लावा, फोड फोडू नका, डोळ्याला हात लावू नका. पसरलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

दारासमोर उतारा असेल तर जाड हातमोजे घाला, फावड्याने उचला, टाचण्या आणि काच कागदात गुंडाळून वेगळ्या द्या, बाकी ओल्या कचऱ्यात टाका आणि जागा धुऊन घ्या. त्यापलीकडे कोणताही "काट" करायची गरज नाही.

मग भगताकडे जाणं बेकायदेशीर आहे का?

मन शांत व्हावं म्हणून अंगारा लावणं, नवस बोलणं, झाडाला प्रदक्षिणा घालणं याला कायद्याची आडकाठी नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाने मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, साप-विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र करणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं करणं, आणि एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून तिचं जगणं अवघड करणं हे सगळे गुन्हे आहेत. नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा अजामीनपात्र आणि दखलपात्र आहे. दखलपात्र म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवावीच लागते. तक्रार देताना तारीख, वेळ, किती पैसे घेतले, काय केलं आणि कोण हजर होतं हे लिहून न्या, व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेवा.

सोबत हवी असेल तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना बोलवा. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची सुरुवात १९८२ साली नागपुरातूनच झाली.

झाड तोडणाऱ्याचं वाईट होतं असं म्हणतात. उदाहरणंही सांगतात.

जुनं झाड तोडणं हे मुळात जीवघेणं काम आहे. पोकळ फांदी अपेक्षेपेक्षा आधी तुटते, खोड अर्धं कापल्यावर उभं चिरतं आणि मागे उसळतं, फांदी विजेच्या तारेवर पडते, मोहोळ उठतं, माणूस दोर न बांधता वर चढलेला असतो. अपघात झाला की नाव झाडाचं होतं. ज्या शेकडो झाडांच्या तोडीनंतर काहीच झालं नाही त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

झाड धोकादायक वाटतं. ओळखायचं कसं आणि परवानगी कुणाची?

बुंध्याशी लाकडासारखी कडक भूछत्रं, एका बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली, अलीकडेच वाढलेला कल, आणि लाकडी हातोडीने ठोकल्यावर मोठ्या भागात येणारा पोकळ आवाज. यातलं एकही दिसलं तर खाली गाडी लावणं आणि बसणं थांबवा. नुसती ढोली असणं म्हणजे धोका नव्हे, बाहेरचं लाकूड जाड आणि निरोगी असेल तर पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. नागपुरात मे-जूनच्या वादळात झाडं पडतात त्यामागे बरेचदा सिमेंट रोड, गटार आणि केबलसाठी एका बाजूची मुळं कापलेली असतात.

शहरात तोडणीच काय, मोठ्या छाटणीलाही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, झाड तुमच्या अंगणात असलं तरी. अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो, जागेचा कागद आणि कारण द्या. "भुताटकी" हे कारण चालत नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये बदल झाले. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष आहे, आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी रोपं भरपाई म्हणून लावायची असतात. वय काढायला जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात. पूर्ण तोडण्याऐवजी एखादी जड फांदी उतरवून भागतं का, हे आधी विचारा. बरेचदा भागतं.

खिळे, दोरे, दिवे आणि पार यांनी झाडाला काय होतं?

खिळ्याने मोठं झाड लगेच मरत नाही. पण प्रत्येक खिळा म्हणजे बुरशीला दार, आणि बाहुल्या-लिंबं ठोकायला एकाच उंचीवर पन्नास खिळे बसले की तिथली साल सुटते. वर आलेले, सैल खिळे पक्कडीने सरळ ओढून काढा. लाकडाने गिळलेले खणून काढू नका, जखम मोठी होते. भोकात सिमेंट, डांबर, रंग काही भरू नका.

वटपौर्णिमेचं सुती सूत पावसात कुजून जातं. नायलॉनचा दोरा आणि तार कुजत नाही, खोड वाढतं तसं ते सालीत रुततं आणि अन्नरस अडवतं. वर्षातून एकदा कापून टाका.

बुंध्याशी लावलेल्या दिव्याने सालीखालचा जिवंत थर भाजतो. ढोलीत दिवा किंवा कापूर ठेवणं तर सरळ आग लावणं आहे. पोकळ खोडात हवा वर ओढली जाते आणि ठिणगी दोन-दोन दिवस धुमसत राहते. मग "झाड आपोआप पेटलं". वरून धूर दिसला की १०१. दिव्यासाठी बुंध्यापासून किमान तीन फुटांवर दगडी कोनाडा करा.

पाराने सर्वांत जास्त नुकसान होतं. जुने पार दगड-मातीचे, पाणी झिरपणारे होते. आताचे टाइल्सचे पार खोडाला घट्ट भिडवतात, आत दोन-तीन फूट माती भरतात, खोड ओलं राहून कुजतं आणि मुळांना हवा मिळत नाही. दुरुस्ती अशी करा: खोडाभोवती किमान एक मीटर टाइल आणि सिमेंट फोडा, मूळ खोडाला फुटतं तिथला फुगार भाग दिसेपर्यंत माती हाताने किंवा खुरप्याने काढा, कुदळ वापरू नका. काम पावसाळ्याच्या तोंडावर करा. मोकळ्या जागेत चार बोटं वाळलेला पाला पसरा, खोडाला न टेकवता.

घराच्या भिंतीत पिंपळ उगवला. काढला तर वंश बुडतो म्हणतात.

नाही काढला तर भिंत बुडते. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेतून बी फटीत पडतं. पेन्सिलीपेक्षा बारीक असताना, दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर, फटीतला चुना मऊ असताना मुळासकट ओढून काढा. नुसतं वरून कापलं तर ते दुप्पट जोमाने फुटतं. जाड झालं असेल तर गवंड्याला बोलवून प्लास्टर उघडा, मुळं काढा आणि जुन्या वाड्याच्या भिंतीत चुन्याच्या गाऱ्यानेच फट भरा. मन मानत नसेल तर निघालेलं रोप पिशवीत लावा, महिनाभर सावलीत ठेवा, मग मोकळ्या मैदानात लावा. इमारतीपासून आणि गटारापासून लांब.

रस्त्यावरचं एक झाड "माणसं खातं". तिथेच अपघात का होतात?

रस्ता रुंद झाला आणि झाड आता डांबराच्या कडेवर किंवा आत आलं, हे बहुतेक ठिकाणचं कारण. वळण, दिव्याचा अभाव, समोरच्या गाडीचा झोत, आणि काळं खोड. चुना-गेरूचे पट्टे धुळीने आणि पावसाने मावळतात. ते दरवर्षी पुन्हा मारायला सांगा, दोन्ही दिशांनी परावर्तक पट्टी दोरीने बांधायला सांगा (खिळ्याने नव्हे), आणि वळणाआधी सूचनाफलक मागा. लेखी अर्जात अपघातांच्या तारखा द्या.

रात्री शेतातून निघालो आणि फिरून त्याच झाडापाशी आलो. चकवा?

अंधारात दूरची खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चाललो असं समजून गोल फिरतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. थांबा. फोनमधलं होकायंत्र लावा किंवा दूरचा एक दिवा धरून चाला.

झाडापाशी कुणी आत्महत्या केली आहे. लोक घाबरतात.

त्या घराबद्दल अफवा पसरवू नका, जागेचे फोटो फिरवू नका. जवळच्यांपैकी कुणी गप्प झालं असेल, "मलाही बोलावतं" असं म्हणत असेल, तर ते भूत उतरवण्याचं नव्हे, मदतीचं बोलणं आहे. एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, मेडिकलच्या मनोविकार विभागात न्या.

भीती गेली तर लोक ही झाडं तोडून टाकतील ना?

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. नागपुरातली कित्येक जुनी झाडं केवळ कुऱ्हाड लावायची हिंमत झाली नाही म्हणून उरली. पण आज बिल्डरला मुंजाची भीती वाटत नाही. भीती उरते ती शेजारच्या गरीब बाईच्या वाट्याला, तिलाच करणी करणारी ठरवतात. झाडाला वाचवायला आता हेरिटेज वृक्षाची नोंद, मोजलेला घेर आणि हरकतीचा लेखी अर्ज लागतो. तोडीची नोटीस लागली की मुदतीत हरकत द्या.

आणि ईडापीडा घालवायचीच असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आहे, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. "ईडा, पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर ती बाहेर नेतं, कुणा एका माणसावर किंवा झाडावर न ढकलता.

आमच्या वस्तीतल्या झाडाच्या गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत. कशा?

सांगणाऱ्याचे शब्द तसेच लिहा, बोली सुधारू नका. कुणाकडून ऐकलं आणि साधारण कोणत्या काळात, हे विचारा. एकाच झाडाच्या तीन-चार जणांनी सांगितलेल्या गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, एकत्र करून नवी बनवू नका. सोबत झाडाची जात, घेर, जागा, ढोली, मोहोळ, पार आणि आजूबाजूची विहीर किंवा तलाव नोंदवा. गोष्टीत कुणा बाईला चेटकीण म्हटलं असेल तर तिचं नाव, घर आणि जात लिहू नका, तिची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहत असतात.